शब्दचर्चा: ‘बिलाँगिंग’ म्हणजे आपुलकी का?

प्रश्न: पंक (बंडखोर रॉक संगीतात रमलेली) आणि स्किनहेड (डोकं तासून टोळीनं फिरणारी) मुलं यांच्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘सेन्स ऑफ बिलाँगिंग’ला ‘आपुलकीची भावना’ लिहिलं, पण पुन्हा वाचताना खटकलं. ‘आउटसायडर’लाही परका म्हणावं की उपरा?

उत्तर: खटकलं ते बरोबरच. आपुलकी आपल्याला दुसऱ्याबद्दल वाटते. या मुलाला हवं आहे ते वेगळंच: कुणीतरी मला आपल्यातला म्हणावं. नाम शोधत बसू नका, क्रियापद घ्या: ‘त्यांनी त्याला आपल्यात घेतलं.’ खेळाच्या कडेला ‘मला पण घ्या ना’ म्हणत जो उभा राहिला आहे, त्याला हे ‘घेणं’ समजावून सांगावं लागत नाही.

‘परका’ मुळातच दुसरीकडचा. ‘उपरा’ असतो इथलाच, पण जमेस धरलेला नसतो. घरात, वर्गात असूनही नसल्यासारखी ही मुलं, म्हणून उपरा.

‘पंक’ तसाच ठेवा. शेक्सपिअरच्या काळात हा शब्द वेश्येसाठी होता, पुढे भुरट्या गुंडासाठी. १९७६च्या सुमारास न्यू यॉर्क-लंडनच्या मुलांनी ही शिवीच नाव म्हणून मिरवली. (संस्कृतातल्या चिखलवाचक ‘पंका’शी त्याचा संबंध नाही.)

‘एक्स्ट्रीमिस्ट’ला ‘अतिरेकी’ मात्र नको, वाचकाला लगेच बंदूक दिसते. ‘जहाल’ला आपल्या इतिहासात मान आहे. सरळ ‘कट्टर वंशवादी’ लिहा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पंकमध्ये आलेल्या मुलाबद्दल आपण ‘तिथे रमला’ लिहितो आणि नाझी टोळक्यात गेलेल्याबद्दल ‘नादी लागला’. असं करू नका. दोघांची भूक एकच होती, आणि दार कधीकधी शेजारशेजारचं होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधले पहिले स्किनहेड म्हणजे स्का आणि रेगे या जमैकन संगीतावर जीव टाकणारी कामगारवस्तीतली पोरं. दहाएक वर्षांनी नॅशनल फ्रंट हा ब्रिटनमधला वंशवादी पक्ष त्याच तासलेल्या डोक्यांमध्ये भरती करू लागला. त्याच सुमारास, १९७९ साली, कॉव्हेंट्रीत टू-टोन ही रेकॉर्ड कंपनी निघाली. तिच्या बँडमध्ये काळे-गोरे एकत्र वाजवत. ३ जुलै १९८१ला लंडनच्या साउथॉल भागातल्या एका पबमध्ये ‘ऑय’ (स्किनहेडांमध्ये लोकप्रिय असलेला पंकचा एक प्रकार) बँडचा कार्यक्रम होता. बाहेरून बसभरून स्किनहेड आले, आशियाई वस्तीतली मुलं चिडून रस्त्यावर उतरली आणि पब जळाला.

भूक एकच असली तरी या दोन दारांमधला फरक दाखवायला मराठीजवळ असं हत्यार आहे जे इंग्रजीजवळ नाही. त्यांचा ‘वुई’ एकच. आपला ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. गिटारवर तीन कॉर्ड वाजवता येणाऱ्या कुणालाही स्टेजवर चढू देणारा पंक ‘आपण’ म्हणतो. भरती करणाराही एकट्या पोराला आधी ‘आपण’च म्हणतो, म्हणून तर ते पोर विरघळतं. पण त्या ‘आपण’ची किंमत म्हणजे रोज कुणालातरी ‘ते’ म्हणायचं. ज्या दिवशी ‘ते’ म्हणायला जीभ अडेल, त्या दिवशी पोरगा पुन्हा उपरा. भाषांतरात ही सर्वनामं जपा, ‘बिलाँगिंग’ आपोआप येईल.

प्रश्नकर्ती: लेखात एक टी-शर्ट आहे, तिथे हे उपयोगी पडेल. २०११ साली जर्मनीतल्या गेरा शहरात कडव्या उजव्यांच्या रॉक महोत्सवात एक्झिट-डॉइचलँड या संस्थेनं कवटी छापलेले टी-शर्ट फुकट वाटले. संस्था माणसांना त्या चळवळीतून बाहेर पडायला मदत करते, पण वाटताना तिनं नाव लपवलं होतं. पोरांनी हौसेनं नेले. पहिल्या धुण्यात वरची छपाई गेली आणि खाली दुसराच मजकूर निघाला. तो मी असा केला होता: ‘तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल. यातून सुटायला आपण मदत करू.’

उत्तर: ‘आम्ही तुला मदत करू’ करा. तो अजून बाहेर पडलेला नाही. न विचारता त्याला ‘आपण’मध्ये ओढलं, तर भरती करणाऱ्यानं केलं तेच आपणही केलं. पहिल्या वाक्यातला ‘तू’ मात्र अगदी तसाच राहू द्या.