गुरुदेव रानडे: प्राध्यापकी आणि साधना वेगवेगळी मांडावी का?

टिळकवाडी_एमए: सेमिनारला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि साधक रा. द. (गुरुदेव) रानडे घेतलेत. नोकरी, ग्रंथ, खाजगी आयुष्य असे तीन भाग करू का? सुरुवात कुठनं करू?

जमखंडीकर: तीन भाग करू नका, १९२४ ते २७ कुठंच बसणार नाही. सनावळी एकाखाली एक मांडून बघा. १८८६ जन्म, जमखंडी. १९०१ मध्ये, शाळकरी वयातच, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम, म्हणजे जपासाठी मंत्रदीक्षा. १९१४ एम. ए.; मग फर्ग्युसन, पुढं सांगलीचं विलिंग्डन. १९२४ ला नोकरी सोडून साधनेसाठी निंबाळ गावी. १९२७ ला तिथले कुलगुरू गंगानाथ झा यांच्या बोलावण्यावरून अलाहाबाद विद्यापीठ, तिथनं १९४६ ला निवृत्ती. १९५७ ला निंबाळलाच देह ठेवला. आता उपनिषदांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ बघा: १९२६! हातात नोकरी नसताना आलेला. तो ‘नोकरी’त घालणार की ‘साधने’त?

खानापूरचा_वाचक: त्याच ग्रंथापासून सुरू करा. प्रकरणं सात. पार्श्वभूमी, सृष्टी, मानसशास्त्र, पुढच्या दर्शनांची मुळं, अंतिम सत्य, नीती असं चढत शेवटी आत्मसाक्षात्कार. घाईत शेवटचंच प्रकरण वाचलं की माणूस त्यांना नुसता भक्त समजतो, आणि ते सोडलं की नुसता प्राध्यापक. आधीच्या प्रकरणांतला युक्तिवाद त्या शेवटासाठीच रचलाय. ग्रीक तत्त्वज्ञानाशी केलेल्या तुलना वगळू नका, हेराक्लिटसवर त्यांनी आधीच लिहिलं होतं.

मग १९३३ चा महाराष्ट्रातल्या संतांवरचा ग्रंथ. ज्ञानदेव बौद्धिक, नामदेव लोकशाही, एकनाथ समन्वयी, तुकाराम वैयक्तिक, रामदास कृतिशील, अशी गूढवादाची (ईश्वराच्या थेट अनुभवाच्या वाटेची) वर्गवारी त्यात आहे. ही नावं पाठ करून भागत नाही. तुकोबांना ‘वैयक्तिक’ का म्हटलं, हे त्यांनी घेतलेल्या अभंगांवरूनच दाखवा. माझ्या मते सेमिनारचा गाभा हाच.

जमखंडीकर: संदर्भ देताना दोन ठिकाणी घोळ होतो. श्री. कृ. बेळवलकरांबरोबर योजलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासमालेत उपनिषदकाळाचा खंड दुसरा, संतांचा सातवा. मधले खंड शोधत बसू नका, ते निघालेच नाहीत. आणि संतांच्या त्याच ग्रंथाचं १९८३ चं अमेरिकेतलं पुनर्मुद्रण वेगळ्या नावानं आहे; पानांचे आकडे देताना आवृत्ती लिहा, नाहीतर एकच पुस्तक यादीत दोनदा येतं.

निंबर्गी आणि निंबाळही एक समजू नका. निंबर्गीकर महाराज म्हणजे भाऊसाहेबांचे गुरू. निंबाळ रानड्यांचं राहण्याचं ठिकाण, सोलापूर-विजापूर रेल्वेमार्गावर. तुम्ही टिळकवाडीतच आहात, तर आधी बेळगावातच जवळ हिंदवाडीत रानड्यांच्या नावानं चालणाऱ्या तत्त्वज्ञान अकादमीत जाऊन या.