ऑफिसातली माणसं खुर्चीतून उठतच नाहीत, काय करावं?

खातेवही: सोलापुरात होटगी रोडला सुताच्या व्यापाऱ्याचं ऑफिस आहे, बिलिंग आणि हिशेबाची अठरा माणसं. दर तासाला उठा म्हणून कॉम्प्युटरवर आठवण लावली. आठवडाभर सगळे उठले, आता न बघताच बंद करतात. वर-खाली होणारी टेबलं परवडत नाहीत. उपाय सांगा.

सातरस्ता: घड्याळाला बांधलेली आठवण नेमकी जीएसटीचा आकडा जुळत असताना येते, मग बोट आपोआप ‘बंद’वर जातं. ती कामाला बांधा. ‘फोन वाजला की उभं राहून बोलायचं’, ‘गठ्ठा संपला की उठून रॅकवर ठेवायचा’. असं ‘जर-तर’ आधी ठरवलं तर ते जास्त पाळलं जातं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं. एका वेळी एकच ठरवा. २१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या २०१० च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला, माणसागणिक १८ ते २५४ असा अंदाज. आणि हो, लँडलाइनची वायर आखूड असेल तर आधी ती बदला.

ताणाबाणा: आठवण राहू द्या बाजूला. पाणी, चहा, फाइल सगळं शिपाई जागेवर देतो ना? मग स्वतः उठणं कमीपणाचं वाटतं, आणि दोनदा उठला तो कामचुकार. मालक आधी उभे राहिल्याशिवाय कोणी हलणार नाही. सकाळचं कामवाटप दहा मिनिटांत उभ्यानंच उरका. चहा एकाच जागी ठेवा. इंग्लंडमधल्या लीस्टरच्या रुग्णालयांतल्या १४६ ऑफिस कर्मचाऱ्यांच्या प्रयोगात (२०१८) १२ महिन्यांनी बसणं रोज सुमारे ८३ मिनिटांनी घटलं, पण तिथे वर-खाली होणाऱ्या टेबलांसोबत माहिती, आपण किती बसतो याचा हिशेब आणि मार्गदर्शकही होता.

खातेवही: टेबल नाही, तर उभ्यानं काम करायचं कुठे?

सातरस्ता: भिंतीला कोपराच्या उंचीवर फळ्या, एक साधारण १०० सेंमी, दुसरी ११०. तिथे कीबोर्ड नको; चलन तपासणं, सह्या, फोन एवढंच. फळी पंख्याखालीच हवी, नाहीतर एप्रिल-मेमध्ये सोलापुरात तिकडे कोण फिरकतंय! एका वेळी १५-२० मिनिटं पुरे. सलग उभं ठेवलंत तर कंबर-पोटऱ्या भरून येतात आणि माणूस नादच सोडतो. २०१५ च्या तज्ज्ञ-निवेदनात उभं राहणं आणि हलकं चालणं मिळून आधी दिवसाला २ तास, हळूहळू ४ असं सुचवलंय.

ताणाबाणा: कोण किती उठलं याची यादी मात्र भिंतीवर लावू नका. गुडघेदुखीवाले आणि गरोदर बायका त्यात उगाच खाली दिसतात, बाकीचे नुसत्या खुणा करून मोकळे होतात.