उगवत्या सत्तांना जागा देताना अमेरिका नेमके काय सोडते?

प्रश्न
२००८ च्या आर्थिक संकटात अमेरिकेने जी-२० देशांच्या प्रमुखांना वॉशिंग्टनला बोलावले, तेव्हा चीन, भारत, ब्राझील यांच्यावाचून आता निभणार नाही हे तिने मान्य केले, असे मला वाटले होते. पुढे त्याच अमेरिकेमुळे जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ, म्हणजे देशांमधील व्यापारी तंट्यांवरची अपिले ऐकणारे मंडळ, ठप्प झाले. मग याला जुळवून घेणे म्हणावे, की वेळ मारून नेणे?

प्रतिसाद १
आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कारभार पाहिला की याचा उलगडा होतो. तेथे २०१० मध्ये ठरलेल्या सुधारणेने चीनचा कोटा, म्हणजे ज्यावर मतांचे वजन ठरते तो निधीतला वाटा, सुमारे ४ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर जाणार होता. परंतु अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मिळायला २०१५ चा डिसेंबर उजाडला, आणि एवढे होऊनही अमेरिकेची मते साडेसोळा टक्क्यांच्या आसपासच राहिली. सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागत असल्याने ती एकटी नको म्हणाली की विषय संपतो. २०२३ अखेरीस सर्वांचे कोटे ५० टक्क्यांनी वाढवायचे ठरले, पण सारख्याच प्रमाणात, म्हणजे कोणाचाही वाटा तसूभरही हलला नाही. माझ्या मते हे जुळवून घेणे नव्हे.

प्रतिसाद २
हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. एके काळी ब्रिटन प्रस्थापित सत्ता होती आणि अमेरिका उगवती. त्या ब्रिटनने १९०१ च्या तहाने मध्य अमेरिकेतील नियोजित कालव्यावरचा आपला बरोबरीचा हक्क सोडला आणि १९२२ च्या वॉशिंग्टन नौदल करारात मोठ्या युद्धनौकांबाबत अमेरिकेची बरोबरी मान्य केली. त्याच करारात जपानला मात्र ब्रिटन, अमेरिका व जपान यांच्या ५:५:३ या प्रमाणातील तिसऱ्या आकड्यावर थांबवले. समोरची सत्ता कोण आहे आणि तिच्यावर विश्वास किती आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

प्रतिसाद ३
अपील मंडळाबद्दल. त्याच्या सात सदस्यांची नेमणूक सर्वसंमतीने होते, आणि एका अपिलाच्या सुनावणीला तिघे लागतात. मंडळ आपल्या अधिकाराबाहेर जाते, ही अमेरिकेची तक्रार जुनी आहे. ओबामांच्या काळातच तिने एका सदस्याची फेरनेमणूक अडवली, ट्रम्प यांच्या काळात सर्व नेमणुका रोखल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये मंडळ बंद पडले. बायडन यांनीही तो निर्णय फिरवला नाही. नाणेनिधीत अमेरिकेच्या हाती नकाराधिकार आहे. या मंडळाचा निवाडा मात्र तिच्यावरही इतरांइतकाच बंधनकारक होता, आणि ही बरोबरीच तिला सोसवली नाही. २०२० मध्ये युरोपीय संघ, चीन व इतर काही सदस्यांनी अपिलांची हंगामी पर्यायी व्यवस्था उभी केली, तीही अमेरिकेवाचून.