बाहेरचा खेळाडू नको म्हणजे नको : बिल्बाओवाल्यांचं धाडस की आडमुठेपणा?

हळकुंड (सांगली)
गेल्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक झाली. यंदाच्या कबड्डीला बाहेरचे गडी आणायचे का, एवढाच विषय. गेल्या वर्षी सातातले चार भाड्याचे होते. कप आला, पण बक्षिसाची रक्कम मैदानावरच वाटून संपली आणि मिरवणुकीच्या वेळी ते चौघं एसटीत बसून गेलेसुद्धा. हार घालायचे कुणाला? मी म्हटलं, यंदा आपलीच पोरं उतरवू. स्पेनच्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओ या फुटबॉल क्लबचा दाखला दिला, तर सगळ्यांनी येड्यात काढलं. म्हणून इथं मांडतोय.

हा क्लब १८९८ चा. सुरुवातीला त्यांच्यातही इंग्रज खेळायचे. १९१२ च्या सुमारापासून मात्र फक्त बास्क मुलखातलेच (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचा हा भाग) खेळाडू. १९९५ मध्ये बोसमन खटल्याचा निकाल लागला, युरोपातल्या परदेशी खेळाडूंवरची मर्यादा उठली आणि युरोपभर क्लबांनी परदेशी खेळाडूंची खोगीरभरती सुरू केली, तरी हे हलले नाहीत. एवढं करून स्पॅनिश लीगच्या वरच्या श्रेणीतून आजवर एकदाही खाली गेलेले नाहीत. असे क्लब तीनच. बाकीचे दोन म्हणजे रेआल माद्रिद आणि बार्सिलोना. माझ्या मते फुटबॉलमधला याच्याइतका धाडसी निर्णय दुसरा नाही. पटत नसेल तर बोला.

कंदीपेढा (सातारा)
बोलतो की. एकदा घेतला तो निर्णय, शंभर वर्षं बदलायची हिंमत नाही तो हट्ट. हिशेब बघा. १९८३ आणि १९८४ ला लीग जिंकली, ८४ ला स्पेनचा चषक, म्हणजे कोपा देल रे, तोसुद्धा. त्यानंतर लीग एकदाही नाही, आणि चषक थेट २०२४ ला. मधल्या चाळीस वर्षांत दोन सुपर कप सोडले तर कपाट रिकामं. त्या काळात जन्मलेल्या पोरानं आपला क्लब मोठं काही जिंकताना बघितलं तेव्हा त्याच्या स्वतःच्या पोराला मिशा फुटायला लागल्या होत्या. याला धाडस म्हणायचं तर आमच्या आळीतल्या बंद पडलेल्या गिरणीलाही म्हणा.

आयर्विनचा कठडा
पेढेवाले, ती २०२४ ची मिरवणूक बघितली का? मायोर्काला पेनल्टीवर हरवलं आणि गाबारा नावाची जुनी माल वाहायची नाव ४० वर्षांनी बिल्बाओच्या नर्विओन नदीत काढली. दोन्ही काठांवर लाखो माणसं. आपल्या कृष्णेत होड्यांच्या शर्यतीला गर्दी होते तसली, फक्त शंभरपट. दरवर्षी कप जिंकणाऱ्या क्लबाला अशी मिरवणूक मिळत नाही.

कंदीपेढा (सातारा)
मिरवणुकीसाठी चाळीस वर्षं उपास करायचा? बरं, शेजारचंच उदाहरण घ्या. रेआल सोसिएदाद, तोही बास्क क्लब. त्यांचाही हाच नियम होता आणि त्या नियमात राहूनच त्यांनी १९८१ आणि ८२ ला लीग जिंकली. पण बदलत्या काळाचा अंदाज आला तसा १९८९ मध्ये लिव्हरपूलहून जॉन ऑल्ड्रिज आणला. आपल्याच लोकांच्या शिव्या खाऊन परंपरा मोडली. धाडस ते! आणि चषकाचा २०२० चा लांबलेला अंतिम सामना एप्रिल २०२१ मध्ये झाला, त्यात बिल्बाओला १-० नं कुणी हरवलं? याच सोसिएदादनं. विषय संपला.

हळकुंड (सांगली)
नाय संपत. तो गोल कुणी केला ते सांगायला विसरलात. ओयारसाबाल. एइबारचा, म्हणजे बास्कच. तुमच्या नियम मोडणाऱ्या क्लबालाही शेवटी घरच्याच पोरानं तारलं.

कंदीपेढा (सातारा)
हा मुद्दा लागला. मान्य.

पण मग दुसरं ऐका. बिल्बाओवाले सगळी पोरं स्वतःच घडवतात असा तुमचा समज दिसतो. लेसामाची त्यांची फुटबॉलची शाळा १९७१ पासून आहे, चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण २०१८ ला आपल्या बचावपटू लापोर्तला साडेसहा कोटी युरोंना मँचेस्टर सिटीला दिलं आणि त्यातलेच ३ कोटी २० लाख मोजून सोसिएदादचा इनिगो मार्तिनेस उचलला. शेजाऱ्याच्या फडातला ऊस आपल्या कारखान्याला. हे स्वाभिमानात बसतं?

आयर्विनचा कठडा
पैसे मोजून नेला, चोरून नाही. आणि विकतानाही हे लोक घासाघीस करत नाहीत. करारात लिहिलेली रक्कम पूर्ण टाका, मगच खेळाडू. गोलकीपर केपाचे चेल्सीकडून ८ कोटी युरो घेतले, तेही २०१८ लाच. गोलकीपरसाठी तेव्हा जगात कुणी एवढे दिले नव्हते. बाजारात भाव कसा धरून बसायचा ते यांच्याकडून शिकावं. आपल्या हळदवाल्यांना सांगायला पाहिजे.

भडंगवाली
सगळे दादा लोक 'घरचा, घरचा' करताय, पण घरचा म्हणजे कोण ते आधी ठरवा. लापोर्त फ्रान्समध्ये जन्मला. बिल्बाओचाच खेळाडू इनाकी विल्यम्स, त्याचे आईवडील घानाचे, सहारा तुडवून स्पेनला आलेले. तो बिल्बाओत जन्मला म्हणून चालतो. म्हणजे जन्म किंवा तालीम, दोन्हींतलं एक पुरे. हाच नियम सांगलीला लावा. विजय हजारे जन्मले सांगलीत, गाजले बडोद्याकडून. स्मृती मानधना जन्मली मुंबईत, क्रिकेट शिकली सांगलीत. बिल्बाओच्या हिशेबानं दोघंही आपलेच! नियम दिसतो तितका ताठ नाही. सुरुवातीला फक्त बिल्बाओच्या आसपासचे चालायचे, मग शेजारचा नवारा प्रांत धरला, १९९६ ला लिझाराझू या खेळाडूच्या निमित्तानं फ्रान्सकडचे बास्कही. गरज पडली की कुंपण थोडं सरकवायचं. मला तर हीच त्यांची खरी हुशारी वाटते.

आणि त्यांच्या बायकांच्या संघालाही हाच नियम आहे, ते कुणी बोललं नाही. जानेवारी २०१९ ला त्यांचा चषकाचा सामना बघायला त्यांच्या सान मामेस मैदानावर ४८,१२१ लोक होते. सामना हरल्या त्या, ते वेगळं.

तासगावचा बेदाणा
ते सगळं खरं हो ताई. पण बास्क मुलखात तीसेक लाख माणसं आणि फुटबॉलची जुनी आवड. आमच्या गावात चार हजार, त्यातली निम्मी पोरं पुण्याच्या कंपनीत. नियम परवडायला आधी पोरं पाहिजेत.

हळकुंड (सांगली)
बेदाणाभाऊ, नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं. म्हणून मी बैठकीत म्हटलं होतं, भाड्याच्या चौघांना जेवढे दिले तेवढ्यात दोन मॅट आणि एक शिकवणारा माणूस वर्षभर मिळतो. यंदा हरू, पुढच्या वर्षीही हरू. लेसामाही एका पावसाळ्यात उगवलेलं नाही.

आणि धाडस विचाराल तर मला ते १९१२ मध्ये दिसतच नाही. २०२१ मध्ये दिसतं. दोन आठवड्यांत दोन चषकांचे अंतिम सामने हरले, दुसरा तर बार्सिलोनाकडून ४-० नं. सगळं जग हसत असताना त्याच वाटेनं पुढं गेले. आमच्या मंडळातले लोक एका साखळी सामन्यात हरले तरी अध्यक्ष बदलतात.

कंदीपेढा (सातारा)
अध्यक्ष तुम्हीच का?

हळकुंड (सांगली)
खजिनदार. म्हणून तर पोटात दुखतं.

भडंगवाली
मग काल रात्री काय ठरलं ते सांगा की.

हळकुंड (सांगली)
ठरलं एकदाचं. सातच्या सात गावचेच. पण आता नवीनच फाटा फुटलाय. गेल्या वर्षीच्या भाड्याच्या चौघांतला एक रेडर, तोच ज्यानं फायनल फिरवली, त्याचं मार्गशीर्षात आमच्याच गावातल्या पोरीशी लग्न झालं. अर्धी बैठक म्हणते जावई म्हणजे गावचाच. अर्धी म्हणते, जन्मही इथला नाही नि तालीमही इथली नाही. शिवाय सासरा मंडळाचा उपाध्यक्ष. भडंगवाली ताई, बिल्बाओवाल्यांच्या नियमात जावयाचं काही कलम आहे का हो?