हिमालयातले भ्रंश सुटे नाहीत
'हिमालयात तीन वेगळे भ्रंश (खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगा), म्हणजे भूकंपाचा धोकाही वाटला गेला' असं म्हटलं जातं, पण हे गणित पटत नाही. मेन सेंट्रल, मेन बाउंड्री आणि मेन फ्रंटल हे तिन्ही थ्रस्ट (एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढतो असे भ्रंश) खोलवर एकाच मंद उताराच्या पृष्ठभागाला मिळतात. ते उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने तयार झाले. आज वर्षाला साधारण २ सेंमी सरक मुख्यतः फ्रंटलच्या वाट्याला येते. पण ती रोज होत नाही. खालचा पृष्ठभाग अडकतो, ताण साठतो. २०१५ च्या नेपाळमधल्या गोरखा भूकंपात (तीव्रता ७.८) फाट सुमारे १५० किमी पूर्वेकडे धावली, पण जमिनीपर्यंत आलीच नाही. म्हणजे दक्षिणेकडच्या उथळ भागातला ताण अजून सुटायचाच आहे.

आपल्या मुंबईजवळच्या सह्याद्रीला मात्र हे चित्र लावू नका. तो काही हिमालयासारखा भूपट्टांच्या टकरीतून उभा राहिलेला डोंगर नाही.