तरवड आणि तरोटा : एकच झाड की दोन?

प्रश्न : सोलापूरकडच्या मुरमाड माळांवर नवरात्राच्या सुमारास एक झुडूप पिवळ्या फुलांनी भरून जाते. आम्ही त्याला तरवड म्हणतो आणि घटाला त्याच्या फुलांची माळ घालतो. अमरावतीच्या माझ्या वहिनी मात्र फोटो पाहून म्हणाल्या, ‘हा तर आमचा तरोटा, आम्ही याची भाजी करतो.’ हे दोन्ही शब्द एकाच झाडाचे आहेत का?

उत्तर : नाहीत, पण वहिनींची गफलत समजण्याजोगी आहे. विदर्भातला तरोटा म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला आणि कोकणातला टाकळा. काही भागांत त्यालाच तरवटा म्हणतात, आणि तरवटा व तरवड यांत कानाला फारसा फरक जाणवत नाही. त्यातून दोन्ही वनस्पती सेन्ना या एकाच गणातल्या असल्यामुळे त्यांची फुले दुरून सारखीच पिवळी दिसतात. संस्कृतात मात्र घोटाळा नाही : टाकळा तो चक्रमर्द आणि तरवड ती आवर्तकी.

टाकळा पहिल्या पावसाबरोबर उगवतो, त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि हंगाम सरला की तो वाळून जातो. त्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या असतात व शेंगा बारीक, लांब, किंचित वाकड्या असतात. तरवड हे बारमाही, लाकडी खोडाचे झुडूप आहे. त्याच्या पानात आठ ते बारा जोड्या असतात, शेंग चपटी व कागदासारखी पातळ असते, आणि देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखे हिरवे उपपर्ण असते. सेन्ना ऑरिक्युलाटा या शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कानवाली, तो या पाळीमुळेच. गुरे-शेरडे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चरून उजाड झालेल्या खडकाळ माळावरही तरवड टिकून राहतो.

पुरवणी : तरवडाची साल कातडी कमावण्यासाठी वापरत, त्यावरूनच संस्कृतात त्याला चर्मरंगा असेही नाव आहे. गुजरातीत याला आवळ म्हणतात. आपल्या आवळ्याशी त्याचा काही संबंध नाही. तेलुगूत हाच तंगेडु. तेलंगणाचे ते राज्यपुष्प असून बतुकम्मा या तिथल्या फुलांच्या सणात रचल्या जाणाऱ्या फुलांच्या उतरंडीत त्याला मानाचे स्थान असते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. माळेसाठी आणलेल्या डहाळीवर आज नीट पाहिले, तेव्हा प्रत्येक पानाच्या बुडाशी ती गोल पाळी सापडली. वहिनींना तिचा जवळून काढलेला फोटो पाठवत आहे.