फोडलेलं सरपण लहान ट्रॅक्टरने हलवायचं : पिंजरा, ट्रॉली की पुढचा लोडर?

रानवाट

रचलेल्या मापाने साधारण १२ घनमीटर सरपण हलवायचं आहे. जड जातीचं, अजून ओलं, तुकडे ३५ सेंटिमीटर लांबीचे. अर्धं फोडून रास पडली आहे, अर्धे ओंडके फोडायचे आहेत. तिथून वाळवणीची शेड २५० मीटरवर आहे. मधले ६० मीटर उतार आहे आणि भरलेला माल उतरतच जाणार.

ट्रॅक्टर २२ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह. वजन ९०० किलो, त्यातलं ३६० पुढच्या आसावर. दोन आसांमधलं अंतर १.५ मीटर. मागच्या हायड्रॉलिक लिफ्टची क्षमता लोअर लिंकच्या (खालच्या दोन उचलदांड्यांच्या) टोकाशी ७५० किलो. दोन चाकांची १ टनी ट्रॉली आहे, रिकामी ३०० किलो, तिला ब्रेक नाहीत. शिवाय १००० लिटरच्या पाण्याच्या टाक्यांचे रिकामे लोखंडी पिंजरे आहेत.

विचार असा आहे की लिफ्टला फोर्क (मालाखाली घालायचे दोन लांब दाते) लावून पिंजरे भरलेलेच उचलावेत आणि शेडमध्ये तसेच ठेवावेत, म्हणजे लाकूड पुन्हा हातात घ्यायला नको. लिफ्ट ७५० किलोची आहे, मग यात अडचण कुठे येईल? आणि लोडर (ट्रॅक्टरच्या पुढे बसणारी उचलबादली) घेतला तर कष्ट खरंच कमी होतील का?

लोअरलिंक

पिंजऱ्याची कल्पना चांगली आहे, पण हा पिंजरा तुमच्या ट्रॅक्टरला मोठा आहे. लिफ्ट तो उचलेलही. अडचण पुढच्या चाकांची आहे.

आधी वजन बघा. जड जातीचं ओलं लाकूड नीट रचलं तर घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं. तेच नुसतं फेकून भरलं तर मधे पोकळी राहते आणि घनमीटरला ४२० च्या आसपास येतं. वाळल्यावर साधारण एक तृतीयांश वजन कमी होतं. तुमचा पिंजरा जवळपास १ घनमीटरचा आहे. म्हणजे फेकून भरला तरी लोखंड आणि पॅलेट धरून ४७० किलो.

आता हे वजन कुठे लटकतं ते बघा. मागच्या आसापासून लोअर लिंकचं टोक ०.८ मीटर, त्यापुढे फोर्कची चौकट, त्यापुढे पिंजऱ्याचा मध्य. एकूण १.४ मीटर धरा. ४७० गुणिले १.४ भागिले १.५ केलं की सुमारे ४४० येतात, पुढच्या आसावरून एवढे किलो कमी होतात. पुढच्या आसावर आहेतच ३६०. थोडक्यात, पिंजरा जमिनीवरून सुटायच्या आधीच ट्रॅक्टरचं तोंड वर येईल. वाळल्यावर उचलायचं म्हटलं तरी ३३० किलो आणि चौकटीचं वजन मिळून पुढे जेमतेम दहा-पंधरा किलो उरतात. स्टीअरिंग फिरवाल, ट्रॅक्टर सरळच जाईल.

स्टीअरिंग हाती राहावं म्हणून पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार हवा. तुमच्याकडे तो १८० किलो. पिंजरा निम्मा करा : रुंदी १.२, खोली ०.६, उंची ०.७ मीटर, म्हणजे अर्धा घनमीटर. ओलं लाकूड फेकून भरलं तर २१० आणि पिंजऱ्याचे ३०, मिळून २४० किलो. खोली कमी झाल्यामुळे वजन ट्रॅक्टरच्या जवळ येतं, अंतर १.२५ मीटर. पुढून २०० किलो कमी होतात, ६० किलोची फोर्क चौकट आणखी ३८ घेते. उरले १२२. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे २५ किलोची दोन वजनं टांगा, तिथे लांबीचा फायदा मिळून ती ६७ किलोचं काम करतात. झाले १८९. पण एवढ्या पिंजऱ्यात लाकूड रचून भरलंत तर वजन ३५० च्या पुढे जाईल आणि सगळा हिशोब कोसळेल. ओलं असेल तर फेकूनच भरायचं.

जोडताना ड्राफ्ट कंट्रोलचा (औताच्या ओढीनुसार लिफ्ट हलवणाऱ्या यंत्रणेचा) लिव्हर पूर्ण खाली आणि उचलणं फक्त पोझिशन कंट्रोलवर (लिव्हर ठेवाल त्या उंचीवर लिफ्ट थांबते). ड्राफ्टवर राहिलं तर खड्ड्यात टॉप लिंकवरचा (वरच्या मधल्या दांडीवरचा) दाब बदलतो आणि लिफ्ट आपोआप वर-खाली होते. दोन्ही बाजूंच्या साखळ्या इतक्या आवळा, की पिंजरा हाताने ढकलला तर बोटभरच हलेल. टॉप लिंक थोडी आखूड करा, म्हणजे पिंजरा ट्रॅक्टरकडे कलतो आणि वरचे तुकडे मागे गळत नाहीत. सीटखालची लिफ्ट उतरण्याच्या वेगाची चकती जवळपास बंद करून ठेवा. ती मोकळी असली तर भरलेला पिंजरा धाडकन आपटतो आणि पॅलेटच्या खालच्या पट्ट्या पहिल्याच दिवशी फुटतात.

औतधुरा

हिशोब बरोबर आहे, पण रानवाट, पूर्ण १२ घनमीटर मागच्या पिंजऱ्याने नेऊ नका. रचलेले १२ म्हणजे फेकलेले साधारण १९, म्हणजे अर्ध्या घनमीटरच्या ३८ ते ४० फेऱ्या. ट्रॉलीत २ बाय १.२ मीटरच्या पाट्यावर अर्धा मीटर उंच भरलं तर १.२ घनमीटर मावतं, ओलं ५०० किलो. रिकाम्या ट्रॉलीसकट ८०० झाले आणि वाट सपाट असती तर १६ फेऱ्यांत काम आटोपलं असतं. फळ्या वाढवून दुप्पट भरायचा मोह टाळा. ट्रॉलीला ब्रेक नाहीत आणि तुमचा माल उतरणीने जाणार आहे. अशा ट्रॉलीचं एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनापलीकडे सपाटीवरसुद्धा मी जाऊ देणार नाही, आणि उताराच्या फेऱ्यांना तर ५०० किलोऐवजी ३०० वरच थांबेन, फेऱ्या वाढल्या तरी.

दोन चाकी ट्रॉली भरायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पुढचा भाग, मग आसाच्या वर, शेवटी मागे. दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. मागे जास्त भरलं की दांडी ट्रॅक्टरला वर ढकलते, मागची चाकं हलकी होतात, चढावर नुसती फिरतात आणि उतारावर ब्रेक लागत नाही. रिकामी करताना उलटं : आधी मागचं काढा. पुढचं आधी काढलं आणि कुणी पिन उपसली तर दांडी उसळून हनुवटीवर येते.

ओढायचं ते फक्त ड्रॉबारवरून (ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढपट्टीवरून). टॉप लिंकच्या जागी किंवा आसाच्या वरच्या उंचीवर साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ड्रॉबारच्या पिनला खालून खिट्टी हवीच. खडबडीत वाटेवर मोकळी पिन वर सरकत सरकत निघते.

उरलेले ओंडके फोडताना ट्रॉली फोडणीयंत्राच्या शेजारीच उभी करा, पाटा यंत्राच्या टेबलापेक्षा थोडा खाली. फोडलेला तुकडा जमिनीवर पडताच कामा नये. जमिनीवरून परत वाकून उचललेलं प्रत्येक लाकूड म्हणजे दुप्पट काम, शिवाय चिखल लागतो तो वेगळाच. फक्त एक बघा : फोडणीयंत्र तुमच्याच ट्रॅक्टरच्या लिफ्टला आणि पीटीओला (इंजिनाची शक्ती यंत्राला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याला) जोडलेलं असेल तर दर फेरीला ते सोडावं लागेल. मग एक दिवस नुसतं फोडून यंत्रालगत ठेवलेले पिंजरे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी वाहतूक करायची.

खडीफावडं

लोडरबद्दल. फोडलेल्या लाकडाच्या राशीत साधी बादली घुसत नाही. तुकडे आडवेतिडवे अडकतात, बादली त्यांच्यावर चढते किंवा खालची माती खरवडून घेते. १.२ मीटरच्या लहान बादलीत एका वेळी ०.१५ ते ०.२ घनमीटर, म्हणजे ओलं ६० ते ८० किलो येतं. सळ्यांची बादली असेल तर काम होतं, दोन सळ्यांमधे ६ ते ८ सेंटिमीटर फट ठेवायची. ३५ सेंटिमीटरचे तुकडे राहतात, साल, भुसा आणि माती गळून जाते. मातीसकट रचलेलं लाकूड वाळत नाही, त्याला बुरशी धरते.

रास टणक जमिनीवर हवी आणि मागे भिंत किंवा जाड ओंडक्यांचा आधार हवा, नाहीतर बादली ढकलते तशी रासही पुढे सरकते. बादली जमिनीला समांतर, टोक किंचित खाली. आत गेल्यावर थोडी वर कलवा, पुन्हा अर्धा फूट पुढे घाला, मग पूर्ण वळवा. एका दमात भरायला गेलात तर चाकं फिरतात आणि रिलीफ वाल्व्ह (दाब वाढला की तेल सोडणारी झडप) शिट्टीसारखा आवाज काढतो. तो आवाज आला की लिव्हर लगेच सोडायचा. तेल तापतंय, उचललं काहीच जात नाही.

लोडर लावला की सगळा भार पुढच्या आसावर. मागे लिफ्टला २०० किलोचा ठोकळा किंवा भरलेली पेटी टांगल्याशिवाय लोडर वापरू नका. मागच्या चाकांत पाणी भरणार असाल तर वाल्व्ह वरच्या बाजूला आणून तिथपर्यंतच भरा, म्हणजे ७५ टक्के होतं. चालताना बादली गुडघ्याच्या खाली. मला विचाराल तर १२ घनमीटरसाठी लोडर घेऊ नये. दरवर्षी तेवढं असेल आणि शेणखत, मातीही हलवायची असेल तर गोष्ट वेगळी.

रानवाट

हिशोब स्पष्ट झाला. ट्रॉलीने नेतो, शेडमध्ये लहान पिंजऱ्यांत भरून ठेवतो आणि वाळल्यावर ते लिफ्टने हलवतो. उतारावरचं थोडं सांगा, तिथे भीती वाटते. पिंजरा मागे असताना तोच चढ कसा चढायचा?

औतधुरा

ज्या गिअरने तो उतार चढाल त्याच गिअरने उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. मधे क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि ट्रॉली मागून ढकलते. फोर व्हील घालूनच उतरा. तुमचे ब्रेक मागच्या चाकांवर आहेत, फोर व्हील घातलं की पुढची चाकंही रोखून धरतात. दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले आहेत ना ते दर वेळी हाताने तपासा. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर वळतो आणि ट्रॉली काटकोनात येऊन त्याला आडवा पाडते. उतारावर तिरकं जायचं नाही, वळण सपाटीवरच घ्यायचं. गवत ओलं असेल तर त्या दिवशी भरलेली फेरीच नको.

पिंजरा मागे असेल तर जड बाजू कायम चढाकडे ठेवा. म्हणजे उतरताना सरळ, चढताना रिव्हर्समध्ये. वरचा १८९ किलोचा हिशोब सपाटीचा आहे. सरळ तोंडाने चढायला गेलात तर भार आणखी मागे जातो आणि तेवढे उरत नाहीत.

लोअरलिंक

शेडमधलं एक राहिलं. पिंजरे विटांवर किंवा दांड्यांवर १० ते १५ सेंटिमीटर उचलून ठेवा, फोर्क आत जायलाही तेवढी जागा लागतेच. दोन पिंजऱ्यांत वीतभर फट हवी. वर झाकण, बाजू पूर्ण मोकळ्या. प्लास्टिकने चारी बाजूंनी गुंडाळलं तर आतलं पाणी आतच राहतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की जाळायला आणि उचलायलाही योग्य. मोजताना तुकडा नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूवर मीटर लावा, टोकाला लावलं तर आकडा कमीच दिसतो.